वास्तु कोणाची?

एखादी मोठी इमारत दृष्टीस पडली कीं ‘ही कोणीं बांधली?’ हा प्रश्न मनुष्याच्या तोंडून सहज निघतो, आणि त्याचें उत्तर एकाच नांवांत मिळावें अशी त्याची अपेक्षा असते. ताजमहाल शहाजहाननें बांधला, शनिवारवाडा पहिल्या बाजीरावानें बांधला, असें आपण शाळेंत पाठ केलेलें असतें. वस्तुतः या दोघांपैकीं कोणींहि दगडावर दगड ठेविला नव्हता. पुढें बादशहा गेले, पेशवे गेले, आणि त्यांच्या जागीं वास्तुविशारद आला. परंतु एकच नांव घेण्याची आपली हौस कांहीं कमी झाली नाहीं. चंदीगड म्हटलें कीं ल कॉर्बूझिए, हें समीकरण ठरून गेलें आहे. पिएर झानेरे, मॅक्सवेल फ्राय, जेन ड्र्यू आणि त्यांच्या हाताखालीं राबलेले कितीतरी भारतीय तरुण कोणाच्या स्मरणांतहि नसतात. कवितेला जसा कवि, तसा इमारतीलाहि एकच कर्ता असला पाहिजे, अशी सुशिक्षितांची समजूत असते. पण कविता आणि इमारत यांत एक मोठा भेद आहे. न आवडलेली कविता मिटून ठेवतां येते; न आवडलेल्या घरांत मात्र रोज चूल पेटवावी लागते.

हा प्रश्न आमच्या मनांत घोळूं लागला तो ताजमहाल पाहून नव्हे, तर कारेगांवीं. पुण्याहून अहिल्यानगरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर सुमारें ५० किलोमीटरवर अष्टविनायकांपैकीं रांजणगांवचा महागणपति आहे. त्याच्याच शेजारचें, शिरूर तालुक्यांतील हें आमचें मूळ गांव. एकेकाळीं हा सगळा भाग ज्वारी-बाजरीचा, पावसाच्या तोंडाकडे पाहणारा. आज तेथें महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची मोठी वसाहत आहे, आणि धुलाईच्या यंत्रापासून मोटारीपर्यंत नाना वस्तु तेथें तयार होतात. त्या वसाहतींत कारखान्याची एक इमारत उभी करावयाची तर वास्तुविशारद, लोखंडी सांगाड्याचा हिशेब करणारा अभियंता, विजेचा जाणकार, हवा खेळविण्याचा जाणकार, आगीपासून बचावाचा जाणकार अशी मंडळी पुन्हां पुन्हां एकत्र बसतात. यंत्राला उष्णता किती सोसेल, तेल सांडलें तर फरशीचें काय होईल, याचा विचार कोणी ना कोणी केलेला असतो. परंतु तें यंत्र चालविणारा माणूस पाळी संपवून कारेगांवांतल्या ज्या खोलीवर परततो, ती खोली बांधतांना कोण एकत्र बसलें होतें? बहुतेक वेळां कोणीच नाहीं. जागेच्या मालकानें मिस्त्रीला बोलाविलें, खोल्या किती बसतील तें विचारलें, आणि काम सुरू झालें. एकाच शिवारांत इमारत उभी करण्याच्या या दोन तऱ्हा पाहिल्या म्हणजे ‘वास्तु कोणाची?’ हा प्रश्न निव्वळ रसिकतेचा राहत नाहीं.

अनेकांनीं मिळून इमारत रचावी ही कल्पना जगांत नवी नाहीं. आपल्या गांवांतले जुने वाडे सुतार, गवंडी, लोहार आणि घरधनी यांनीं ओट्यावर बसून, काठीनें मातींत रेघा ओढूनच ठरविलेले असत. परंतु वास्तुविशारदांनीं जाणूनबुजून, आपल्या नांवाचा मोह सोडून एकत्र काम करावें, असा जो आधुनिक काळांतला सर्वांत गाजलेला प्रयोग, तो दुसरें महायुद्ध संपलें त्याच वर्षीं झाला. १९४५ च्या अखेरीस अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत, मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज येथें सात तरुण वास्तुविशारदांनीं एक कचेरी काढली, आणि वॉल्टर ग्रोपियस यांस आठवे भागीदार म्हणून बरोबर घेतलें. सातांत दोन जोडपीं होतीं, नॉर्मन व जीन फ्लेचर आणि जॉन व सेरा हार्कनेस; म्हणजे आठांत दोन स्त्रिया, आणि त्याहि बरोबरीच्या भागीदार. त्या काळांत ही गोष्ट लहान नव्हती. कचेरीला कोणाचेंहि नांव न देतां ‘दि आर्किटेक्ट्स कोलॅबोरेटिव्ह’, म्हणजे वास्तुविशारदांचें सहकारी मंडळ, असें साधें नांव त्यांनीं दिलें.

ग्रोपियस तेव्हां ६२ वर्षांचे होते. १९१९ मध्यें वायमार येथें ‘बाउहाउस’ ही विद्यालयांच्या इतिहासांतली विलक्षण शाळा काढणारे, नाझी राजवटींत जर्मनी सोडून इंग्लंडमध्यें व तेथून १९३७ मध्यें हार्वर्ड विद्यापीठांत आलेले हे गृहस्थ जगद्विख्यात होते. अशा माणसानें आपल्या विद्यार्थ्यांच्या वयाच्या मंडळींत आठवा म्हणून बसावें, याचें अनेकांस नवल वाटलें. पण त्यांच्या चरित्रांत एक गोष्ट अशी आहे कीं जी कळल्यावर नवल उरत नाहीं. ग्रोपियस यांना स्वतःच्या हातानें रेखाटन जमत नसे. तरुणपणींच आईला लिहिलेल्या पत्रांत त्यांनीं हें दुःख बोलून दाखविलें होतें. ज्याला स्वतःच्या हाताचा भरंवसा नाहीं त्यानें वास्तुविद्येचा नाद सोडून द्यावयाचा. त्यांनीं तो न सोडतां जन्मभर दुसऱ्यांचे हात आपल्या विचारांस जोडून घेतले. १९११ सालीं त्यांचें नांव ज्या फागुस कारखान्यानें झालें तोहि आडोल्फ मायर यांच्या सहकार्यानें रचलेला होता. सहकार हा त्यांचा सिद्धान्त झाला, त्याच्या मुळाशीं अशी एक उणीव होती.

या मंडळाची रीत मोठी मनोवेधक होती. ठराविक दिवशीं सर्व भागीदार एकत्र बसत. ज्याच्याकडे जें काम असेल तो आपला आराखडा मांडी, आणि बाकीचे त्यावर मोकळेपणानें टीका करीत. परंतु टीका ऐकून झाल्यावर मतें मोजावयाचीं नाहींत, असा दंडक होता. अखेरचा निर्णय ज्याच्या शिरावर काम, त्याचाच. आपल्याकडील समित्यांचा ज्यांस अनुभव आहे त्यांस या दंडकाचें मोल सांगावयास नको. समितींत सर्वांचें ऐकून सर्वांनाच थोडें थोडें खूष करण्याचा जो मार्ग काढतात, त्यानें ठराव मंजूर होतात, पण इमारत सुंदर होत नाहीं. त्याच्या उलट एकट्यानेंच सर्व ठरविलें तर त्याची चूक त्याच्या नजरेस आणून देणारा कोणी राहत नाहीं. केंब्रिजच्या मंडळीनें या दोहोंच्या मधली वाट धरली. टीका अनेकांची, जबाबदारी एकाची.

१९५० मध्यें हार्वर्ड विद्यापीठांत त्यांनीं पदवीधर विद्यार्थ्यांसाठीं सात वसतिगृहें आणि एक समाईक भोजनगृह बांधलें. जुन्या लाल विटांच्या, कमानी-शिखरांच्या त्या विद्यापीठांत हीं सपाट छपरांचीं, अलंकारहीन घरें लोकांना प्रथम रुक्षच वाटलीं असतील. परंतु घरांची मांडणी अशी कीं त्यांच्या मधली हिरवळ हीच खरी खोली वाटावी, आणि एका घरांतून दुसऱ्या घराकडे छपराखालून चालत जातां यावें. लेक्झिंग्टन येथें तर या तरुण भागीदारांनीं मिळून जमीन घेतली, त्यांपैकीं कांहीं भाग सर्वांच्या मालकीचा राखला, आणि आपलीं राहण्याचीं घरें शेजारीं शेजारीं बांधलीं. जें तत्त्व कचेरींत पाळावयाचें त्याखालींच बायकामुलांसह राहावयाचें, एवढी निष्ठा थोड्याच सुधारकांच्या ठायीं आढळते.

कारेगांवच्या दृष्टीनें या मंडळाचीं जीं कामें विशेष मननीय आहेत, तीं मात्र त्यांनीं जर्मनींत बांधलेले कारखाने होत. सेल्ब या गांवीं रोझेन्थाल यांचा चिनी मातीच्या भांड्यांचा कारखाना १९६७ मध्यें पुरा झाला. त्या कारखान्याच्या ऐन मध्यावर झाडाझुडपांचें एक काचघर आहे, आणि त्यांत चक्क रोहित पक्षी ठेवण्यांत आले होते, कशासाठीं, तर काम करतां करतां कामगाराची नजर वर जाईल तेव्हां ती कांहीं सजीव वस्तूवर विसावावी यासाठीं! हा श्रीमंत देशाचा शौक म्हणून कोणी हंसेल. पण ऍम्बर्ग येथील काचकारखान्यास हंसतां येणार नाहीं. भट्टीपाशीं उभें राहून काच फुंकणाऱ्या माणसाची उष्णतेनें काय अवस्था होते, हा तेथला प्रश्न होता. म्हणून छप्पर उंच आणि दोहों बाजूंनीं उतरतें धरलें, आणि तापलेली हवा आपोआप वर चढून माथ्यावरून बाहेर पडावी अशी योजना केली. ग्रोपियस १९६९ च्या जुलैंत वारले, आणि १९७० मध्यें तो कारखाना सुरू झाला. लोक त्याला काचेचें कॅथीड्रल म्हणतात. एका मोठ्या वास्तुविशारदाच्या अखेरच्या कामांपैकीं एक काम असें कामगाराच्या घामाशीं निगडित असावें, ही गोष्ट आम्हांस त्यांच्या सर्व ग्रंथांपेक्षां बोलकी वाटते.

तथापि या मंडळाची कहाणी केवळ यशाचीच नाहीं. कचेरी वाढत गेली, माणसें शेंकड्यांनीं मोजावीं लागलीं, बगदादच्या विद्यापीठापासून अथेन्सच्या अमेरिकन वकिलातीपर्यंत देशोदेशींचीं कामें आलीं. आठ माणसें एका बैठकींत बसून एकमेकांचे कान उपटूं शकतात. शेंकडों माणसें तसें करूं शकत नाहींत. पुढें पुढें त्यांच्या इमारतींपैकीं बऱ्याच अशा होऊं लागल्या कीं त्या कोणत्याहि मोठ्या कंपनीच्या, कोणत्याहि शहरांत खपून जाव्या. अखेर १९९५ मध्यें कर्जाच्या भारानें कचेरीला टाळें लागलें. सहकाराचें बीज चांगलें असून चालत नाहीं. तें ज्या आकाराच्या बैठकींत रुजतें त्याच्याबाहेर तें फोफावलें तर नुसतीं पानें येतात.

या बीजाचा एक दाणा फार लौकर एका मराठी माणसाच्या हातून आपल्या देशांत आला, हें आपल्या वाचकांपैकीं अनेकांस ठाऊक नसेल. सिंधुदुर्गांतील आचरें गांवीं १९१६ मध्यें जन्मलेले अच्युत कानविंदे मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेंत क्लॉड बॅटली यांच्या हाताखालीं वास्तुविद्या शिकले. वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेच्या नोकरींत असतांना, नव्या भारताला प्रयोगशाळा बांधाव्या लागतील हें ओळखून त्यांस हार्वर्डला पाठविण्यांत आलें. १९४५ ते १९४७ हीं तीं वर्षें. म्हणजे ज्या काळांत ग्रोपियस सात तरुणांबरोबर कचेरी मांडीत होते, त्याच काळांत कानविंदे त्यांचे शिष्य होते. परत आल्यावर ते परिषदेचे मुख्य वास्तुविशारद झाले, आणि १९५५ पासून शौकत राय यांच्यासह त्यांनीं स्वतंत्र व्यवसाय केला. त्यांच्या कचेरीचें नांव कधीं एकट्याचें नव्हतें. राय आणि पुढें चौधुरी हीं नांवें त्यांत कायम राहिलीं. पुण्यांतल्या वाचकांना बालेवाडीची राष्ट्रीय विमा अकादमी आणि मुंबईंतल्यांना वरळीचें नेहरू विज्ञान केंद्र पाहून त्यांच्या हातवळणाची ओळख करून घेतां येईल.

त्यांचें सर्वांत मोठें काम म्हणजे कानपूरची भारतीय तंत्रज्ञान संस्था. १९५९ मध्यें स्थापन झालेल्या या संस्थेचे पहिले संचालक पुरुषोत्तम काशिनाथ केळकर हेहि मराठीच. उत्तर हिंदुस्थानांतल्या ओसाड माळावर एक आचऱ्याचा आणि एक धारवाडकडचा असे दोन गृहस्थ विद्यापीठ कसें असावें याचा विचार करीत बसले आहेत, हें चित्र आमच्या मनाला मोठें सुखवितें. केळकरांची इच्छा अशी कीं शास्त्राशास्त्रांमधल्या भिंती पडाव्या. त्याचेंच प्रतिबिंब इमारतींत उमटलें. प्रत्येक खात्याला आपापला स्वतंत्र किल्ला न देतां अनेक खात्यांच्या अध्यापकांसाठीं एकच इमारत, प्रयोगशाळांचे निराळे समूह, आणि सर्वांच्या मधोमध ग्रंथालय, अशी रचना झाली. उन्हाळ्यांत तेथें लू वाहते, म्हणून इमारतींना जोडणारे, उंचावरून जाणारे, सावलीचे मार्ग आले. काँक्रीटचा सांगाडा उघडा ठेविला आणि मधल्या भिंती साध्या विटांच्या केल्या. येथें भपका नाहीं, कमानी नाहींत, घुमट नाहींत. पण रसायनाचा अध्यापक आणि गणिताचा अध्यापक दिवसांतून चार वेळां एकमेकांस भेटल्यावांचून राहूं नयेत, एवढी दक्षता प्रत्येक जिन्यानें घेतली आहे. ग्रंथालयाला आज केळकरांचें नांव आहे. ही वास्तु कानविंद्यांची कीं केळकरांची? आम्ही म्हणतों, दोघांची. ज्यानें रेघा ओढल्या तो जितका कर्ता, तितकाच ज्यानें ‘मला असें जगावयाचें आहे’ हें स्पष्टपणें सांगितलें तोहि कर्ता.

मात्र सांगणारा केळकरांसारखा संचालक असतो तेव्हां त्याचें ऐकलें जातें. ज्याला सांगण्याचा अधिकारच नाहीं त्याचें काय होतें, याचें उदाहरण आपल्याच महाराष्ट्रांत आहे. १९६४ मध्यें मुंबईचा विकास आराखडा प्रसिद्ध झाला तेव्हां चार्ल्स कोरिया आणि प्रवीणा मेहता हे दोन वास्तुविशारद व शिरीष पटेल हे अभियंता, अशा तिघांनीं मिळून त्यास पर्याय सुचविला. बेटावर आणखी गर्दी न करतां खाडीपलीकडे, पूर्वेस, नवें शहर वसवावें. जमिनीचे भाव चढण्यापूर्वींच ती सरकारनें घ्यावी, आणि चढलेल्या भावांतूनच रस्ते, पाणी, गरिबांचीं घरें यांचा खर्च भागवावा, ही ती योजना. मुल्कराज आनंद यांच्या ‘मार्ग’ त्रैमासिकानें १९६५ मध्यें ती छापली. तीन माणसांच्या बैठकींतून, कोणीहि न सांगतां, एका महानगराची कल्पना निघाली आणि सरकारनें ती उचलली, असें जगांत क्वचितच घडलें असेल. १९७० मध्यें सिडको स्थापन झाली आणि नवी मुंबई आकारास येऊं लागली.

परंतु सुमारें ३४४ चौरस किलोमीटरच्या त्या प्रदेशांत ९५ गांवें होतीं. तेथें आगरी-कोळी होते, मिठागरें होतीं, भातशेती होती. नव्या शहराची बैठक भरली तेव्हां त्यांतलें कोणीहि त्या बैठकींत नव्हतें. तिघांचा हेतु निर्मळ होता, याबद्दल आम्हांस तिळमात्र शंका नाहीं; गरिबांच्या घरांचा विचार त्यांच्याइतका कळकळीनें त्या काळीं फारच थोड्यांनीं केला असेल. पण ज्याची जमीन जावयाची, त्याचा आवाज कागदावर उमटला नाहीं तो रस्त्यावर उमटला. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालीं शेतकरी उभे राहिले. जानेवारी १९८४ मध्यें उरण तालुक्यांत जासईच्या परिसरांत गोळीबार झाला आणि पांच माणसें प्राणांस मुकलीं. त्यानंतर साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचें तत्त्व मान्य झालें. जें प्रारंभींच्या बैठकींत एक खुर्ची अधिक मांडून कदाचित् मिळालें असतें, तें पांच प्राणांचें मोल देऊन मिळालें.

कोरिया यांनीं पुढें बेलापूर येथें जी वसाहत बांधली, तिच्यांत या प्रश्नाचें एक उत्तर शोधण्याचा यत्न दिसतो. सात-आठ घरांचा एक पुंजका, मध्यें लहानसें चौक. दोन घरांची भिंत समाईक नाहीं, म्हणजे प्रत्येकाला आपलें घर आपल्या ऐपतीप्रमाणें वाढवितां यावें. १९८० नंतरच्या दशकांत ही वसाहत झाली. आज तेथें गेलें तर मूळचीं कौलारू घरें थोडीं आढळतात. लोकांनीं मजले चढविले, कांहींनीं जुनें घर पाडून नवेंच उभारलें. वास्तुविद्येचे अभ्यासक हें पाहून हळहळतात. आम्हांला मात्र वाटतें कीं राहणाऱ्यानें हात लावावा म्हणूनच जें घर रचलें, त्याला हात लागला तर तक्रार कोणीं करावी? घरें बदललीं तरी चौक मात्र अजून पुष्कळ ठिकाणीं टिकून आहेत, म्हणजे सर्वांचें जें होतें तें लोकांनीं राखिलें.

आतां पुन्हां कारेगांव. आमचे थोरले चुलत बंधु, ज्यांना आम्ही दादा म्हणतों, त्यांच्या वाट्याला रस्त्यालगतची थोडी जमीन आहे. कारखान्यांतल्या लोकांसाठीं तेथें १२ खोल्या काढावयाच्या असें त्यांनीं ठरविलें. सहा खोल्यांच्या समोर सहा, मध्यें चार फुटांची बोळ, वर पत्रा. गांवांत अशाच चाळी सर्वत्र आहेत. मराठवाड्यांतून, विदर्भांतून, बिहार-ओरिसांतून आलेलीं माणसें त्यांत राहतात. आम्ही शिकलेले, म्हणून आंकडेमोडीचा कागद आमच्यापुढें आला. आम्हांला विटांचा हिशेब कळत नाहीं. म्हणून आम्हीं एवढेंच सुचविलें कीं फक्की टाकण्यापूर्वीं मिस्त्रीला आणि दादांच्याच जुन्या खोल्यांतल्या एखाद्या भाडेकऱ्याला बोलवावें. दादांना हें थोडें चमत्कारिक वाटलें. भाडेकऱ्याला कोणी विचारतो काय? पण तोंड मोडवेना म्हणून त्यांनीं होकार दिला.

भाडेकरू म्हणून आली ती बीडकडची एक बाई. प्रथम ती दारापाशींच उभी राहिली. मग म्हणाली, “सर, यांची रातपाळी असती. दिवसा पत्रा असा तापतोय की डोळ्याला डोळा लागत न्हाई. झोप न्हाई म्हणून तिकडं मशीनवर हात थरथरतोय.” ती पुढें म्हणाली, “आन् धुण्याचा दगड रस्त्याच्या अंगाला नको. बायांनी बसायचं कसं?” आम्ही आजवर वैशाखांतल्या पत्र्याबद्दल ऐकलें होतें; पण दिवसा झोपणाऱ्या माणसाच्या अंगानें त्याचा विचार कोणी केल्याचें ऐकलें नव्हतें. मिस्त्री जमिनीकडे पाहत होता. तो म्हणाला, “मालक, भिंत दोन फूट वर घ्या अन् पत्र्याखाली वीतभर जाळी सोडा. गरम हवा वरच्या वर निघून जाईल.” दादा म्हणाले, “आणि पाऊस आत आला म्हणजे?” मिस्त्री म्हणाला, “पत्रा दीड फूट पुढं काढायचा.” ऍम्बर्गच्या काचकारखान्यांत जें तत्त्व, कानविंद्यांनीं मेहसाण्याच्या दूधसागर डेअरीवर जे हवेचे उंच धुरांड्यासारखे मार्ग उभे केले त्यांत जें तत्त्व, तेंच हें. मिस्त्रीनें ग्रोपियसचें नांव ऐकलेलें नाहीं. त्याला तें कळत होतें, पण आजवर त्याला कोणीं विचारलेंच नव्हतें.

तेथें मतें मोजलीं गेलीं नाहींत. पैसा दादांचा, जमीन दादांची, बँकेचें कर्ज दादांच्या नांवावर, निर्णयहि त्यांचाच. त्यांनीं दोन दिवस विचार केला आणि १२ ऐवजीं ११ खोल्या काढल्या. उरलेल्या जागेंत नळ, रस्त्यापासून आडोशाला धुण्याचा दगड, आणि एक कडुनिंबाचें रोप. भिंती दोन फूट उंच झाल्या, जाळी सुटली. या गोष्टीला परिकथेचा शेवट नाहीं. पत्रा अखेर पत्राच. सिमेंटची गच्ची परवडली नाहीं, आणि वैशाखांत दुपारीं त्या खोल्या अजूनहि तापतात, फक्त पूर्वीइतक्या नाहींत. कडुनिंबाच्या भोंवतालची निम्मी जागा मोटारसायकलींनीं व्यापली आहे. एका खोलीचें भाडें बुडालें हें दादा आम्हांला दर भेटींत ऐकवितात. परंतु त्या चाळींतलीं बिऱ्हाडें लवकर हलत नाहींत, हेंहि तेच सांगतात.

यावर कोणी म्हणेल कीं असल्या घोळक्यानें कधीं श्रेष्ठ कला जन्मास येत नाहीं. प्रतिभा एकट्याची असते. प्रतिभेविषयीं आमचें भांडण नाहीं. चार माणसें बसून सुंदर जिना सुचत नाहीं, हें आम्हांस मान्य आहे. पण जिना कोठें हवा, कोण चढणार, ओझें घेऊन कीं लेकरूं काखेंत घेऊन, हें मात्र चौघांना विचारल्यावांचून कळत नाहीं. दुसराहि एक आक्षेप आहे, आणि तो अधिक गंभीर आहे. इमारत सर्वांची म्हटली कीं ती कोणाचीच राहत नाहीं. भिंत खचली तर प्रत्येकजण दुसऱ्याकडे बोट दाखवितो. एका नांवाची जी हौस आम्हीं प्रारंभीं सांगितली, तिच्या पोटांत हा एक शहाणपणाचा अंश आहे. नांव म्हणजे नुसता मान नव्हे, तें उत्तरदायित्वहि आहे. केंब्रिजच्या आठांनीं ही गोष्ट ओळखली होती, म्हणूनच टीकेचा अधिकार सर्वांना देऊनहि निर्णयाची सही त्यांनीं एकाचीच ठेविली. त्यांच्या काँक्रीटला आज तडे गेले असतील, त्यांची सपाट छपरें कोणास आवडत नसतील. पण हा दंडक अजून जुना झालेला नाहीं.

त्यांत भर घालावयाची ती एवढीच. त्या आठांच्या बैठकींत वास्तुविशारद होते. कानपूरच्या बैठकींत वास्तुविशारद आणि घरधनी होते. नव्या मुंबईच्या बैठकींत दोन वास्तुविशारद आणि एक अभियंता होता. ज्याला त्या भिंतींत राहावयाचें, झोपावयाचें, धुणें धुवावयाचें, तो या बैठकींत बसला म्हणजेच ती पुरी भरली असें म्हणतां येईल. वसाहतींत नवे कारखाने येत आहेत आणि कारेगांवांत नव्या खोल्याहि निघत आहेत. प्रत्येक चाळीसाठीं वास्तुविशारद बोलावणें कोणासहि परवडणार नाहीं, हें आम्ही जाणतों. परंतु फक्कीची पिशवी फोडण्यापूर्वीं मालकानें मिस्त्रीला आणि एखाद्या रातपाळीवाल्याच्या घरच्या बाईला तासभर समोर बसविलें, तर त्याला खर्च कांहींच येत नाहीं. दादांच्या शेजारच्या शेतांत पुढच्या महिन्यांत पाया खणावयाचा आहे. तेथें १४ खोल्या बसतात असें मालक म्हणतात. त्यांनीं त्या बाईला बोलविलें आहे काय, एवढेंच आम्हीं त्यांस विचारलें आहे.